नॅरोबोटवर बारा महिने राहता येते का? हिवाळ्याचा अनुभव हवा आहे

लेस्टरकर:
नमस्कार मंडळी. मी आणि माझी पत्नी गेली चार वर्षे लेस्टरमध्ये भाड्याच्या घरात राहतो. गेल्या जूनमध्ये फॉक्स्टनच्या दहा लॉकच्या (बोट वर-खाली नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या पाण्याच्या टप्प्यांच्या) परिसरात आम्ही आठवडाभर नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट, भाड्याने घेऊन फिरलो आणि तेव्हापासून अशी बोट विकत घेऊन तिच्यावरच संसार करावा, हा विचार मनातून जात नाही. पाहून ठेवलेली बोट ५७ फूट लांब आहे. तिला कायमचे मूरिंग, म्हणजे बांधून ठेवण्याची ठरलेली जागा, नाही, त्यामुळे दर १४ दिवसांनी मुक्काम हलवावा लागेल. जूनच्या एका आठवड्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नये एवढे कळते, म्हणूनच बारा महिने राहिलेल्यांना विचारतो: हिवाळ्यातला दिवस प्रत्यक्षात कसा जातो, आणि जेमतेम सहा फूट रुंदीच्या खोलीत रोजचा पोळी-भाजीचा स्वयंपाक होतो का?

विंडलस:
मी सात वर्षे ग्रँड युनियन कालव्यावर, बहुतेक काळ ब्रॉन्स्टन ते स्टोक ब्रुअर्न या पट्ट्यात, बोटीवर राहत आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे, परंतु बोटीवरचा हिवाळा डिसेंबरात नव्हे, तर सप्टेंबरात सुरू होतो हे आधी लक्षात घ्यावे. त्या महिन्यात मी स्टोव्हचे धुराडे साफ करतो, स्टोव्हच्या दाराची हवाबंद दोरी झिजली असल्यास बदलतो आणि इंधन घेऊन फिरणाऱ्या बोटीकडून बिनधुराच्या कोळशाची पोती घेऊन छपरावर रचतो. हे काम नोव्हेंबरावर ढकलले, तर पहिल्या थंडीच्या रात्री त्याची किंमत मोजावी लागते.

रात्री झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर कोळशाच्या काही वड्या ठेवून हवेची झडप कमी केली की सकाळपर्यंत विस्तव राहतो. गावाकडे आजी चुलीतला विस्तव राखेखाली जपून ठेवत असे, त्याचीच मला रोज आठवण होते. झडप पूर्ण बंद मात्र कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हे मी दर आठवड्याला बटण दाबून पाहतो आणि राखेची बादली, राख थंड वाटली तरी, आत ठेवत नाही, कारण तिच्यात दडलेला एखादा निखाराही तो वायू सोडत राहतो.

विजेचे गणित वेगळे आहे. जूनमध्ये सौर पॅनेलवर बॅटऱ्या दुपारच्या आत भरतात. डिसेंबरात मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो आणि दिवस आठ तासांच्याही आत आटोपतो, त्यामुळे इंजिन चालवूनच बॅटऱ्या भराव्या लागतात. शेजाऱ्यांचा विचार करून रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत ते चालवायचे नसते, म्हणून घरून काम करणाऱ्याने बैठकांच्या वेळा त्यानुसार ठरवाव्यात.

कालवा गोठतो तेव्हा पहाटे बोटीच्या पोलादी अंगावर बर्फ करकरताना ऐकू येतो आणि बदके पाण्यावरून चालत जातात. अशा दिवशी बोट हलवू नये. फुटलेल्या बर्फाच्या धारदार कडा पाण्याच्या पातळीजवळचा डांबरी लेप खरवडतात, आपल्याही बोटीचा आणि काठाला बांधलेल्या दुसऱ्यांच्या बोटींचाही. काठावरचे नळही गोठतात, त्यामुळे थंडीचा अंदाज येताच पाण्याची टाकी काठोकाठ भरून घ्यावी.

कृष्णाकाठची:
स्वयंपाकाविषयी मी सांगते, कारण पहिल्या वर्षी चूक माझीच झाली होती. गॅस सिलिंडर प्रोपेनचाच घ्या. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासे होते आणि तवा तापायच्या ऐन वेळी ज्योत मंदावते.

पोळ्यांनी काही बिघडत नाही, बिघडते ते कुकरने. त्या फेब्रुवारीत मी रोज सकाळी खिडक्या बंद ठेवून वरण-भाताचा कुकर लावत असे. एके दिवशी चादर बदलताना गादी उचलली, तर खालची फळी ओलीचिंब होती आणि गादीच्या कापडावर हाताच्या पंजाएवढी काळी बुरशी चढली होती. वाफ जाऊन जाऊन थंड पत्र्यालगतच साठते. आता कुकर लावताना छपराचे झाकण आणि बाजूचे दार थोडे उघडे असते, गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी आहे, आणि आमटी संध्याकाळभर स्टोव्हच्या माथ्यावरच शिजते. तिची चव गॅसवरच्या आमटीला येत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. छपरातल्या हवेच्या झडपा थंडी लागते म्हणून कापड कोंबून कधीही बंद करू नका.

बाकीच्या ऋतूंचा त्रास थोडा आहे. शरदात पाने बोटीच्या पाण्यातल्या पंख्याला गुंडाळली जातात, तेव्हा क्षणभर उलटा गिअर टाकला की ती सुटतात. मे महिन्यात काठावरची हॉथॉर्नची झाडे पांढरीशुभ्र होतात आणि बदकाची पिल्ले थेट खिडकीखाली येतात. त्या दिवसांसाठी मी फेब्रुवारी आनंदाने काढते.

तिसरा_लॉक:
कागदपत्रांचे पाहा. परवाना कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचा, सोबत विमा आणि दर चार वर्षांनी बोटीच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र. १४ दिवसांची अट १९९५ च्या कायद्यातली आहे आणि दोनच ठिकाणांमध्ये ये-जा केल्याने ती पूर्ण होत नाही, प्रवास खराखुरा असावा लागतो. एप्रिल २०२४ पासून मूरिंग नसलेल्यांना परवान्यावर अधिभारही आहे, तो हिशेबात धरा.

तुम्ही लेस्टरात राहत असल्याने आणखी एक सांगतो. तिथे कालव्याचा मोठा भाग सोर नदीतूनच जातो. हिवाळ्यात पाऊस लागला की नदी फुगते आणि पातळीची पाटी लाल दाखवू लागते. तेव्हा मुक्काम हलवण्याची घाई न करता ट्रस्टला कळवून थांबावे. शिवाय नोव्हेंबर ते मार्च लॉकच्या दुरुस्त्या चालतात. त्यांची यादी आधी जाहीर होते. ती न पाहिल्याने एकदा मी बंद लॉकच्या नको त्या बाजूला पाच आठवडे अडकलो होतो. उन्हाळाही निर्धोक नाही. जलाशय आटले की लॉक बंद होतात. २०२५ मध्ये लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा टप्पा असाच बंद ठेवावा लागला.

लेस्टरकर:
सर्वांचे मनापासून आभार. हिवाळ्यात भाड्याने बोट घेऊन पाहायची, तर बहुतेक कंपन्या मार्च ते ऑक्टोबरच बोटी देतात. मग ही बोट पारखावी कशी?

विंडलस:
जानेवारीत, थंडीच्या रात्रीनंतर सकाळी आठला पाहायला जा आणि स्टोव्ह तुमच्यासमोर पेटवायला सांगा. खिडक्यांच्या खालच्या चौकटीवर ओल आहे का हे हाताचे बोट फिरवून पाहा, गादी उचला, पलंगाखालचे कप्पे उघडून वास घ्या. पैसे देण्यापूर्वी बोट पाण्याबाहेर काढून पत्र्याची जाडी तज्ज्ञाकडून मोजून घ्या. तिथून परत येताना ती चालवायला मिळाली, तर एखादे लॉक तुम्ही दोघेच करा, हातमोजे घालून.