राजकीय खुनाच्या तपासात आयओवर (तपास अधिकाऱ्यावर) दबाव येतो म्हणजे नेमकं काय होतं?

कळव्याची_लॉवाली
मी ठाण्यात लॉ करतेय, शेवटचं वर्ष. मनसुख हिरेन (अंबानींच्या घराबाहेर सापडलेल्या स्फोटकांच्या गाडीशी नाव जोडलं गेलेले ठाण्याचे व्यापारी) प्रकरणापासून घरी एकच वाद चालू आहे. 5 मार्च 2021 ला मुंब्र्याच्या रेतीबंदरला बॉडी सापडली, आधी एडीआर (अपघाती मृत्यूची नोंद), मग दोन दिवसांत एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) खुनाचा गुन्हा घेतला, दोघांना अटक पण केली आणि त्याच महिन्यात ठाणे कोर्टाच्या आदेशाने सगळे कागद एनआयएकडे (केंद्राच्या तपास यंत्रणेकडे) गेले. बाबा म्हणतात राजकारण आलं की आयओच्या हातात काही राहत नाही. मला पटत नाही पण उत्तर पण देता येत नाही. खरंच वरून फोन येतो का, आणि आला तर आयओ काय करतो?

निवृत्त_रायटर
ताई, मी क्राइमला रायटर होतो, आयओच्या शेजारी बसून सगळी लिखापढी करायचो. फोन येतो, पण "याला सोडा" असं सरळ कोणी बोलत नाही. "तपास कुठवर आला" म्हणून सारखं विचारत राहतात, मध्येच सभेचा बंदोबस्त लागतो आणि टीममधली पोरं तिकडे जातात, मग "बाहेर लोक जमलेत, आज कोणाची तरी अटक दाखवा" सुरू होतं. हे शेवटचं सगळ्यात वाईट. घाईत गोळी झाडणारा मिळतो आणि सुपारी देणारा मोकळा राहतो.
आमचे साहेब पहिल्या रात्री माणसांच्या आधी डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणायला पाठवायचे. घोडबंदरच्या सोसायट्यांत काही दिवसांनी जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं, मग कितीही डोकं आपटा, मिळत नाही. आणि डीव्हीआरचं घड्याळ मोबाईलशी लावून बघायचं, जो काय फरक असेल तो पंचांसमोर पंचनाम्यात लिहायचा. समजा अकरा मिनिटांचा फरक लिहायचा राहिला, तर बचावाचा वकील सीडीआर (मोबाईलच्या कॉलची नोंद) पुढे करतो की त्या वेळी आरोपीचा फोन माजिवड्याच्या टॉवरवर होता, आणि केस तिथेच लंगडी होते. मंत्र्याच्या फोनची गरजच पडत नाही.

कोर्टनाका_वकील
रायटरसाहेबांशी सहमत. आयओला वाचवते ती केस डायरी. रोजच्या रोज लिहायची, पूर्वी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 172, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम 192. कोर्ट ती मागवून बघू शकतं, त्यामुळे उद्या बदली झाली तरी कोणाचा जबाब कधी घेतला आणि कुठला धागा हातात होता ते नवीन आयओला नाही म्हणता येत नाही. बदलीवर बंधन आहे, सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालात किमान 2 वर्षांच्या मुदतीचा आग्रह आहे, पण "जनहितार्थ" म्हणून अपवाद काढतात आणि तो भरपूर वापरतात, याचा मला मनापासून राग येतो.
दुसरं, राजकीय केसमध्ये साक्षीदार फुटतात. त्यामुळे महत्त्वाचा जबाब लवकर मॅजिस्ट्रेटसमोर घ्यावा. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला तर डीसीपीसमोरची (उपायुक्तासमोरची) चालते आणि चार्जशीटची मुदत 90 ची 180 दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते, पण मकोका लावायला आधी वरिष्ठांची मंजुरी लागते. म्हणजे दबावाला तिथे अजून एक दार आहेच.

पनवेलकर_जुना
कागद चोख असले की झालं, असं नाही हो. 3 जून 2006 ला इथे कळंबोलीला काँग्रेसचे नेते पवनराजे निंबाळकर आणि त्यांचा ड्रायव्हर, दोघांना गोळ्या घातल्या. घरच्यांना हायकोर्टात जावं लागलं, तपास सीबीआयकडे गेला आणि एका खासदाराला अटक झाली ती 2009 मध्ये. दाभोलकरांचं बघा, 20 ऑगस्ट 2013 ची हत्या, निकाल 10 मे 2024 ला, दोघांना जन्मठेप, तिघे सुटले, आणि सूत्रधारापर्यंत तपास पोचला नाही हे कोर्टानेच सुनावलं. तिथे आयओच्या नावाने खडे फोडून काय उपयोग, एजन्सी बदलली तरी वरचा माणूस वरच राहतो.

कळव्याची_लॉवाली
@पनवेलकर_जुना हेच बाबांचं म्हणणं. पण मग तपास दुसऱ्या एजन्सीकडे जातो तेव्हा आधीच्या आयओचं काम फुकट जातं का?

निवृत्त_रायटर
नाही, फुकट नाही जात. डायरी, जबाब, मुद्देमाल सगळं यादी करून सही घेऊन द्यायचं. कलिनाला फॉरेन्सिक लॅबला गेलेलं पाकीट असेल तर त्याची पोच पण. सील कोणी लावलं, कधी लावलं, मुद्देमाल रूममधून कधी बाहेर गेलं, यातली एक जरी नोंद कोरी राहिली तरी पुढे सीबीआय असो नाहीतर एनआयए, उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो आणि तेव्हा जुन्या आयओलाच पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, रिटायर झाला असला तरी. ताई, ठाण्याच्या सेशन कोर्टात खुनाच्या केसमध्ये आयओची उलटतपासणी असेल त्या दिवशी जाऊन मागच्या बाकावर बस, ओपन कोर्ट असतं, कोणी अडवत नाही.