मदत हवी आहे: आईची अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा. उत्तरं येतात, गाडी इंग्रजीत अडते

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची. वाईजवळच्या एका शाळेत ३१ वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाली. २०२० च्या फेब्रुवारीत, विमानं बंद व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी, ग्रीन कार्डावर (कायम राहण्याचा परवाना) आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आली. गेल्या नोव्हेंबरात तिचा एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, ऑनलाइन भरला, ७१० डॉलर गेले, बोटांचे ठसे झाले. आता मुलाखतीचं पत्र कधीही येईल.

नागरिकत्व कशाला हवंय ते ऐकून हसाल. तिला वाईला जास्त राहायचंय! ग्रीन कार्डावर भारतात सहा महिने होत आले की जीव टांगणीला, दारचा आंबा उतरवायच्या आत परत निघा. अमेरिकेचा निळा पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) झालं की वर्षभर घाटावर बसलं तरी विचारणारं कोणी नाही, असं तिचं गणित. भारतीय पासपोर्ट सोडावा लागणार हा विषय निघाला की मात्र ती भांडी आवरायला उठते. ते असो.

लायब्ररीतून मी १०० प्रश्नांची कार्डं आणली आहेत. त्यातले दहा विचारतात, सहा बरोबर आले की झालं. माहितीत आई माझ्यापेक्षा पक्की आहे, पण ती दोन राज्यघटनांच्या मधे अडकते. ‘कायदे कोण करतं?’ याचं उत्तर ‘काँग्रेस’, म्हणजे इथली संसद. हे काही केल्या तिच्या तोंडून निघेना. ‘अगं, पक्ष कुठलाही सत्तेत असो, कायदे संसदच करते ना?’ सिनेटरची मुदत ६ वर्षं, हे राज्यसभेसारखंच म्हणून एका फटक्यात पाठ. खालच्या सभागृहाची २ वर्षं मात्र तिला पटतच नाहीत. ‘सत्काराचे हार वाळायच्या आत पुढची निवडणूक?’ सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश तहहयात असतात यावर तर अर्धा तास वाद झाला, आपल्याकडे ६५ ला घरी पाठवतात म्हणून. अमेरिकन घटनेचे पहिले शब्द ‘वुई द पीपल’ वाचल्यावर म्हणाली, हे तर आपलंच, आम्ही भारताचे लोक. मी १७८७ हे साल दाखवलं, तेव्हा गप्प बसली.

हे सगळं जमेल. खरी काळजी वेगळीच आहे. समोर साहेब बसला की आई मान डोलावून ‘येस, येस’ म्हणते. बँकेत म्हणते, डॉक्टरकडे म्हणते. समजलं नाही तर जास्तच म्हणते. आणि एन-४०० मधले निम्मे प्रश्न ‘तुम्ही कधी अमुक केलंय का’ या छापाचे! परवा मी अधिकारी झाले आणि विचारलं, तुम्ही कधी दहशतवादी संघटनेत होतात का? ‘येस, येस.’ कोणाचा छळ केलाय? ‘येस, मॅडम.’ लेक हसून सोफ्यावरून खाली पडला, मला मात्र रात्री झोप नाही.

त्यात ‘बेअर आर्म्स’. ती म्हणाली, अस्वलाच्या हातांचं काय करायचंय त्यांना?

तर, इंग्रजीची सवलत तिला मिळू शकेल का? घरी तयारी कशी करून घेतलीत? साठीच्या पुढच्या, मराठी माध्यमात शिकलेल्या आईवडिलांचा अनुभव असेल तर प्लीज लिहा. ‘यूट्यूबवर आहे सगळं’ असं सांगू नका, ते सगळं पाहून झालंय आणि त्यातली माणसं फार भरभर बोलतात.

ओसरीवरून

आधी ती कार्डं लायब्ररीत परत करा. तुम्ही नोव्हेंबर २०२५ मध्ये अर्ज भरलाय ना? २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे. यादी १२८ प्रश्नांची, विचारतात २० पर्यंत, पास व्हायला १२ बरोबर हवीत. १२ झाली की अधिकारी थांबतो, ९ चुकली तरी थांबतो. १०० प्रश्नांची यादी त्याआधीच्या अर्जांसाठी. नवी यादी यूएससीआयएसच्या (नागरिकत्वाचे अर्ज पाहणारं सरकारी खातं) साइटवर फुकट मिळते, तीच छापून घ्या. राज्याचे सिनेटर, गव्हर्नर वगैरे नावं मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तपासा, छापील उत्तरांवर विसंबू नका.

सवलतीचं म्हणाल तर ५० च्या पुढे वय आणि २० वर्षं ग्रीन कार्ड, किंवा ५५ च्या पुढे आणि १५ वर्षं, असं असेल तर इंग्रजी माफ. मग प्रश्न दुभाषा घेऊन मराठीतही चालतात. ६५ च्या पुढे आणि २० वर्षं झाली असतील तर अभ्यासालाही वीसच प्रश्न. तुमच्या आईंची सहाच वर्षं झाली आहेत, त्यामुळे यातलं काहीच लागू नाही. वय कितीही असो, मोजतात ती इथली वर्षं.

चकलीभाजणी

डॉक्टरकडून एन-६४८, म्हणजे परीक्षेतून सूट मागायचा फॉर्म, भरून घ्या की! आमच्या ओळखीत एकांनी घेतला, परीक्षाच नाही.

ओसरीवरून

चकलीताई, तो आजारपणासाठी आहे. शारीरिक किंवा मानसिक दुखण्यामुळे शिकणं, लक्षात ठेवणं जमत नसेल तर. नुसतं वय झालंय म्हणून मिळत नाही, आणि ३१ वर्षं शिकवलेल्या बाईंसाठी तो मागावा तरी कशाला?

वरणफळं

अगदी याच वाटेवरून गेलोय, म्हणून सविस्तर लिहिते. माझे सासरे, आमचे दादा, ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. पहिल्या खेपेला नापास झाले, आणि नागरिकशास्त्रात नव्हे, लिहिण्यात! वाचायला तीन वाक्यांपैकी एक बरोबर यावं लागतं आणि लिहायलाही तीनपैकी एक. ‘वॉशिंग्टन वॉज द फर्स्ट प्रेसिडेंट’ या छापाची सोपी वाक्यं असतात आणि त्यांतले शब्द आधीच जाहीर केलेल्या याद्यांमधले असतात. पण लिहायचं टॅब्लेटच्या काचेवर. दादांचा हात थरथरला, पेन घसरलं, अक्षर लागेना, आणि मग ते घाबरून ऐकायचंच विसरले. आम्ही घरी वहीत सराव घेतला होता. काचेवर घ्यायला हवा होता.

दुसरी संधी ६० ते ९० दिवसांत मिळते, पैसे लागत नाहीत आणि जे राहिलं तेवढंच विचारतात. तेव्हा पास झाले.

‘येस, येस’वर आमचा उपाय सांगते. दादांना आम्ही प्रश्नांची उत्तरं पाठ करून घेतलीच नाहीत. ‘हॅव यू एव्हर’ हे तीन शब्द ऐकले की हात मांडीवर घट्ट धरायचा आणि थांबायचं, एवढंच शिकवलं. मग पुढचा शब्द ऐकायचा. नाहीच कळला तर ‘प्लीज रिपीट’. पुन्हा विचारायला सांगितलं म्हणून कोणी नापास करत नाही, उलट अधिकारी सोप्या शब्दांत विचारतो. आपल्या माणसांना साहेबाला परत विचारणं हा उद्धटपणा वाटतो, तो अडसर आधी काढा. मात्र सगळ्याला ‘नो’ असंही पढवू नका. शपथ घ्याल का, कायद्याने सांगितलं तर शस्त्र हाती घ्याल का, हे प्रश्नही त्याच ओळीत येतात. दादा ‘नो’च्या तंद्रीत तिथेही नो म्हणाले होते, मग सावरून घेतलं. आम्ही अवघड शब्दांचा तक्ता करून फ्रिजवर लावला होता, समोर मराठी अर्थ. ‘बेअर आर्म्स’ म्हणजे शस्त्र धरणे. अस्वल आमच्याकडेही आलं होतं :)

आणि सराव तुम्ही घेऊ नका. तुमचं इंग्रजी त्यांना कळतं. शेजारच्या एखाद्या अमेरिकन बाईंना चहाला बोलवा आणि त्यांना विचारू द्या. आत गेल्यावर ‘कशा आहात, येताना ट्रॅफिक होतं का’ इथपासूनच बोलण्याची परीक्षा सुरू झालेली असते.

घाटमाथा

आई मधे भारतात किती राहिल्या? एकच फेरी सहा महिन्यांच्या वर गेली असेल तर मुलाखतीत त्यावर विचारतात. पाच वर्षांत निदान ३० महिने इथे असायला हवं ते वेगळंच. जाण्यायेण्याच्या तारखा आईंना स्वतःला सांगता यायला हव्यात, आंब्याच्या वेळी गेले होते असं नको.

घाटावरची लेक (धागाकर्ती)

मंडळी, खूप आभार. ओसरीवरून, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळाच आला. दोन महिने चुकीची यादी घोकत होतो! काल नवी छापली. आई उलट खूश आहे, कारण नव्या यादीत ‘का’ विचारणारे प्रश्न आहेत. प्रतिनिधींची मुदत सिनेटरांपेक्षा कमी का, न्यायाधीश तहहयात का. ‘हा खरा अभ्यासक्रम,’ म्हणाली. लोकांचं म्हणणं लवकर पोचावं म्हणून २ वर्षं, हे कारण वाचल्यावर तो वादही मिटला. आता मराठीत पाच मिनिटं जे समजावून सांगते ते इंग्रजीत चार शब्दांत बसवायचंय.

घाटमाथा, सर्वात लांब मुक्काम १७२ दिवसांचा. म्हणजे वाचलो. तारखा लिहून दिल्या आहेत.

वरणफळं, मांडीवर हात धरायची युक्ती कालच सुरू केली. पहिल्या पाच ‘हॅव यू एव्हर’पैकी तीनदा थांबली, दोनदा दहशतवादी झाली. शेजारच्या बाई शनिवारी येतायत, आईने त्यांच्यासाठी शंकरपाळे करायला घेतलेत.

तिने एक वही घातली आहे, डाव्या बाजूला भारत, उजवीकडे अमेरिका, लाल शाईने फरक. त्या वहीवरून काल तिने नातवाचीच परीक्षा घेतली. इथेच जन्मलेला, हायस्कुलात जाणारा. वीसपैकी अकरा. नापास.

काचेवर लिहिण्याचं मात्र खरंच डोक्यात नव्हतं. सरावाला साधं रबरी टोकाचं पेन चालेल, की तिथे असतं तसं बारीक टोकाचं घेऊ? कोणाला आठवत असेल तर सांगा, आज रात्रीच मागवते.