मँगनाइट: रोधकतेचं शिखर क्युरी तापमानाच्या इतकं खाली का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पीएचडीसाठी लँथॅनम-कॅल्शियम मँगनाइटवर (मँगनीजचं एक ऑक्साइड) काम करतोय, कॅल्शियम ३० टक्के. सोल-जेलने पावडर केली, दाबून केलेली पेलेट ९०० अंश सेल्सिअसला सिंटर केली (तापवून घट्ट केली). चुंबकनावरून क्युरी तापमान (ज्याच्या खाली पदार्थ लोहचुंबकीय होतो) २५५ केल्विन येतं, अपेक्षेप्रमाणेच. पण फोर-प्रोबने (चार टोकांच्या पद्धतीने) रोधकता मोजली तर शिखर, ज्याच्या खाली पदार्थ धातूसारखा वागतो, थेट २०५ केल्विनला! तीनदा मोजलं, तेच.

झेनरच्या १९५१च्या डबल एक्स्चेंजप्रमाणे मँगनीजचे स्पिन समांतर झाले की इलेक्ट्रॉन ऑक्सिजनमार्गे सहज उडी मारतात. मग चुंबकीय आणि धातूसारखं होण्याचं, ही दोन्ही संक्रमणं जवळपास एकत्रच यायला हवीत ना? माझा संशय ग्रेन बाउंडरीवर (कणांमधल्या सीमांवर) आहे: कणाच्या आत धातू, सीमेवर विस्कटलेले स्पिन. ऑक्सिजन कमी असता तर क्युरी तापमानही घसरलं असतं, असं मला वाटतं. हा तर्क बरोबर आहे का? १२०० अंशांना पुन्हा सिंटर करून पाहू?

दुसरी अडचण. क्युरी तापमानाच्या वर स्मॉल पोलॅरॉन आणि मॉटचं व्हेरिएबल रेंज हॉपिंग (इलेक्ट्रॉन उड्या मारत कसे जातात याची दोन मॉडेल्स), दोन्हींचे आलेख सरळच दिसतात, त्यामुळे कोणतं लागू आहे ते ठरत नाही, कारण माझं मोजमाप ३०० केल्विनला थांबतं. पुण्या-मुंबईत कोणाकडे ४५० केल्विनपर्यंत जाणारी सोय आहे का? सॅम्पल घेऊन मी स्वतः येईन.