मदत हवी आहे: लिनक्सवर सगळ्या प्रोग्रॅमचे मेनू गायब

पेन्शनीत
लिबर ऑफिसमधला फाइल-एडिट-व्ह्यू हा मेनू दिसेनासा झालाय. ऑक्युलर (पीडीएफ वाचायचा), केट (मजकूर लिहायचा), सगळीकडे तेच. खिडकीवर नाव आणि फुली तेवढी उरलीय. रीस्टार्ट करून झालं, अपडेट करून झालं. उद्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त छापायचंय आणि पानाचा आकार कुठून बदलायचा तेच सापडेना. 'फॉरमॅट मारा' सांगणाऱ्यांनी कृपया दुसऱ्या धाग्यावर जावं. लवकर सांगा.

रातकिडा
कुठला लिनक्स? कुठला डेस्कटॉप? पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा एक्स-११ की वेलँड? स्क्रीनशॉट डकवा. नुसतं लिनक्स म्हणजे डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय' म्हणण्यासारखं आहे.

पेन्शनीत
उबुंटू.

रातकिडा
केट आणि ऑक्युलर म्हणताय त्या अर्थी कुबुंटू, म्हणजे केडीई डेस्कटॉपवालं उबुंटू, असावं. आवृत्ती?

पेन्शनीत
सुरू होताना कुबुंटू असंच येतं. २४.०४. त्याने काय फरक पडतो? मेनू तर मेनूच ना.

गोटीसोडा
फरक वगैरे काही नाही. केट उघडा, कंट्रोल आणि एम एकदम दाबा. केडीईच्या प्रोग्रॅममध्ये मेनू त्यानेच लपतो आणि त्यानेच परत येतो. चुकून बोट पडलं असणार. माझ्याकडे मांजर कीबोर्डवर बसलं की हेच होतं.

पेन्शनीत
दाबलं. 'मेनू बार पूर्ण लपेल, परत आणायला हेच दाबा' अशा अर्थाची चौकट आली. ओके केलं. काहीही बदललं नाही.

बिनतारी
हा प्रकार माझ्याकडेही झाला होता. वाईनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतं ते) काही टाकलं की त्याची नोंद मेनूत भलतीकडेच जाते, 'लॉस्ट अँड फाउंड' गटात. कारण प्रत्येक प्रोग्रॅमची एक डेस्कटॉप फाइल असते, तिच्यात कॅटेगरीजची ओळ असते. ती नसली किंवा ओळखीची नसली की केडीई बिचाऱ्याला बेवारस समजतं. खालच्या मेनूच्या बटणावर राइट क्लिक, 'एडिट अ‍ॅप्लिकेशन्स', मग नोंद ओढून ऑफिस किंवा ग्राफिक्समध्ये टाका. सेव्ह करायला विसरू नका.

पेन्शनीत
अहो, खालचा मेनू उत्तम चाललाय! मला खिडकीतला मेनू हवाय.

बिनतारी
मग तसं लिहायचं ना. असो, ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी राहू द्या.

जुनाजाणता
खरं सांगायचं तर ही खोड उबुंटूच्या जुन्या युनिटी डेस्कटॉपपासूनची. २०११ साली उबुंटू ११.०४ मध्ये मेनू खिडकीतून काढून वरच्या पट्टीत नेले तेव्हाच मी बोंब मारली होती. पुढे १४.०४ मध्ये निदान खिडकीच्या टायटल बारमध्ये आणायची सोय दिली. १७.१० ला नोम डेस्कटॉप आला आणि युनिटी गेली. केडीईत रोज नवं खूळ. मिंट लिनक्स टाका, त्याचा सिनॅमन डेस्कटॉप घ्या, सुखाने राहा.

रातकिडा
युनिटीचा मेनू छान होता. छोट्या लॅपटॉपवर एक अख्खी ओळ वाचायची. आणि त्यांनी आधीच बजावलंय की डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदला सांगू नका.

जुनाजाणता
त्यांनी 'फॉरमॅट मारा' म्हणू नका असं लिहिलंय. मी फॉरमॅट म्हटलेलंच नाही.

मोळीविक्या
भांडण बाजूला ठेवा. @पेन्शनीत, दोन गोष्टी सांगा. फायरफॉक्स नि जिंप (चित्रांचा प्रोग्रॅम) यांचे मेनू जागेवर आहेत का? आणि कोणी वरती नवी पट्टी लावलीय का?

पेन्शनीत
फायरफॉक्सच्या तीन रेघा आहेत. जिंपचा मेनू पण आहे. वरची पट्टी आहे, भाच्याने गणपतीत लावून दिली, मॅकसारखी दिसते म्हणून. ती मी लपवून ठेवलीय, जागा खाते. पण तिचा इथे काय संबंध?

मोळीविक्या
तिचाच संबंध आहे. 😄 प्लाझ्मात, म्हणजे केडीईच्या डेस्कटॉपमध्ये, 'अ‍ॅप्लिकेशन मेनू बार' नावाचं तयार पॅनल (पट्टी) मिळतं, त्यात ग्लोबल मेनू नावाचं विजेट (पट्टीवरचा छोटा घटक) असतं. ते असलं की केडीईचे प्रोग्रॅम आपला मेनू खिडकीत न दाखवता तिकडे पाठवतात. लिबर ऑफिसही पाठवतं, त्याचा केडीईचा जोड बसवलेला असला तर. जिंप जीटीकेवर (केडीईहून वेगळ्या साच्यावर) चालतं, त्याला मेनू पाठवायला वेगळं मॉड्यूल लागतं. ते नसेल तर जिंपचा मेनू खिडकीतच राहतो. म्हणून तुमचा जिंप शहाणा दिसतोय.

आत्ता बघा: लिबर ऑफिस उघडं ठेवून माउस स्क्रीनच्या वरच्या कडेला टेकवा. पट्टी खाली उतरेल, मेनू तिच्यात असतील.

कायमचं हवं असेल तर पट्टीवर राइट क्लिक करून एडिट मोड, त्यात ग्लोबल मेनूवर माउस नेऊन काढून टाका. उघडे प्रोग्रॅम बंद करून परत चालू करा. पट्टी आवडत असेल तर ठेवा, फक्त 'मोअर ऑप्शन्स'मध्ये 'ऑटो हाइड'च्या ऐवजी 'ऑलवेज व्हिजिबल' करा.

रातकिडा
किंवा तिसरा मार्ग: सिस्टिम सेटिंग्जमध्ये विंडो डेकोरेशन्स, तिथे टायटल बारची बटणं. 'अ‍ॅप्लिकेशन मेनू'चं बटण ओढून टायटल बारवर टाकायचं. पट्टीही नको, मेनूची ओळही नको. मी हेच वापरतो.

पेन्शनीत
वर माउस नेला, मेनू आले. विजेट काढलं. लिबर ऑफिस आणि ऑक्युलर ठीक. केटमध्ये अजूनही नाही!!

मोळीविक्या
केटमध्ये गोटीसोडा यांच्या सांगण्यावरून कंट्रोल-एम दाबलंत ना, तेव्हा मेनू खरोखरच लपला. ती निवड केट लक्षात ठेवतो. परत एकदा दाबा.

गोटीसोडा
म्हणजे शेवटी कंट्रोल-एमच लागलं. नोंद घ्यावी.

मोळीविक्या
🙏

पेन्शनीत
आला. आता पानाचा आकार कुठे?

मोळीविक्या
लिबर ऑफिस रायटरच्या तळाच्या पट्टीत 'डिफॉल्ट पेज स्टाइल' लिहिलेलं दिसेल, त्यावर डबल क्लिक करा. त्याला मेनू लागतच नाही. मघाशीच हे विचारलं असतंत तर...

उंडगा
अवांतर: इतिवृत्त कुठल्या फाँटमध्ये करता? आमच्या सोसायटीच्या जुन्या फाइली श्रीलिपीत आहेत, लिनक्सवर उघडल्या की नुसता कचरा दिसतो.

बिनतारी
ते युनिकोड नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढावं लागेल. मग मंगल, लोहित, काहीही लावा. आणि टायपिंगला इनस्क्रिप्टच शिका, फोनेटिकच्या नादी लागू नका.

जुनाजाणता
फोनेटिकमध्ये काय वाईट आहे? मी सगळे प्रतिसाद त्यातच लिहितो.

बिनतारी
ते दिसतंच आहे. (हलके घ्या.)

खिडकीबाहेर
मलाही अगदी हाच प्रॉब्लेम आहे, पण माझ्याकडे मिंट सिनॅमन आहे आणि मेनू गायब नाही, दुसऱ्या मॉनिटरवर उघडतो. वरचं सगळं करून पाहिलं, ग्लोबल मेनू नावाचं काही सापडत नाही. काय करू?

जुनाजाणता
सिनॅमनमध्ये असं होत नाही.

मोळीविक्या
@खिडकीबाहेर, नवीन धागा काढा. आणि त्यात ग्राफिक्स कार्ड, मिंटची आवृत्ती आणि दोन्ही मॉनिटरचं स्केलिंग पहिल्याच ओळीत लिहा.