राज्यसभेचे सभापती सभागृहाबाहेरचे, लोकसभेचे अध्यक्ष मात्र सभागृहातले, असे का?

प्रश्न (विद्यार्थी)

राज्यघटनेतील संसदेविषयीचे प्रकरण वाचताना एका जागी अडकलो आहे. उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात, पण त्या सभागृहाचे सदस्य नसतात. लोकसभेचे अध्यक्ष मात्र सदस्यांनी आपल्यातूनच निवडलेले असतात. दोघांचेही काम सभागृह चालवण्याचेच असेल, तर ही तफावत कशासाठी? शिवाय मानाच्या क्रमात उपराष्ट्रपती वर असूनही दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत लोकसभेचे अध्यक्ष आसनावर का बसतात? मार्गदर्शक पुस्तकांत अनुच्छेदांचे क्रमांक मिळतात, कारण मिळत नाही.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक)

ही तफावत नेमकी कुठे जाणवते ते पाहायचे असेल, तर पदावरून दूर करण्याच्या तरतुदी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. लोकसभेच्या अध्यक्षांना हटवण्याचा ठराव चौदा दिवसांची सूचना देऊन आणता येतो आणि तो सभागृहाच्या तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताने संमत व्हावा लागतो. तो विचाराधीन असताना अध्यक्षांनी आसनावर बसायचे नसते. परंतु अनुच्छेद ९६ नुसार त्यांना सदस्यांच्या बाकांवरून आपली बाजू मांडता येते आणि इतर सदस्यांप्रमाणे पहिल्याच फेरीत मतही देता येते, फक्त समसमान मतांच्या वेळचे निर्णायक मत त्यांना उरत नाही. राज्यसभेच्या सभापतींना अशा प्रसंगी बोलता येते, पण मत अजिबात देता येत नाही, कारण ते सदस्यच नाहीत. त्यांना हटवणे म्हणजे उपराष्ट्रपतींना हटवणे, म्हणून राज्यसभेच्या ठरावाला लोकसभेचीही संमती लागते. सभागृह आपला अध्यक्ष स्वतः घडवते आणि स्वतः मोडू शकते. सभापती मात्र त्याला बाहेरून मिळतो. ही कल्पना अमेरिकेच्या सिनेटवरून आली, पण तिथले उपराष्ट्राध्यक्ष रोजच्या कामकाजाला क्वचितच बसतात. आपल्याकडे सभापती प्रत्यक्ष सभागृह चालवतात, त्यामुळे साम्य नावापुरतेच उरते.

उत्तर (विधिज्ञ)

संयुक्त बैठकीबद्दल. अनुच्छेद ११८(४) ने ते आसन लोकसभेच्या अध्यक्षांना दिले आहे. कारण घटनेत लिहिलेले नाही, पण माझ्या मते ते मानाच्या क्रमात शोधूच नये. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते, पैशाचा अखेरचा शब्द लोकसभेचा असतो आणि एखादे विधेयक धनविधेयक, म्हणजे केवळ कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या बाबींचे, आहे की नाही हा निर्णयही अनुच्छेद ११० नुसार तिचे अध्यक्षच देतात. त्यांनी तसे प्रमाणित केले, की राज्यसभेला ते चौदा दिवसांत परत करावे लागते आणि तिच्या शिफारशी स्वीकारणे लोकसभेच्या मर्जीवर राहते. एका सभागृहाचा पीठासीन अधिकारी दुसऱ्या सभागृहाची सत्ता एका सहीने आक्रसवू शकतो, ही गोष्ट मला संयुक्त बैठकीपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. धनविधेयक म्हणून संमत झालेल्या आधार कायद्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे प्रमाणपत्र न्यायालयीन छाननीच्या पलीकडचे नाही असे म्हटले, मात्र बहुमताने त्या कायद्यापुरते ते योग्यही ठरवले. उलट विधेयकांवरच्या संयुक्त बैठका आजवर तीनच झाल्या आहेत: १९६१, १९७८ आणि २००२.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मते समसमान पडली तर आसनावरील व्यक्तीने आपल्या पक्षाकडे झुकावे का, एवढेच विचारायचे राहिले.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक)

अनुच्छेद १०० निर्णायक मताचा अधिकार देतो, ते कसे वापरावे हे सांगत नाही. ती पोकळी संकेतांनी भरायची असते. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात अध्यक्ष डेनिसन यांच्या नावाने ओळखला जाणारा संकेत असा, की पुढे चर्चा शक्य असेल तर चर्चेच्या बाजूने मत द्यावे, आणि ती शक्य नसेल तर बहुमताविना कोणताही बदल होऊ देऊ नये. आपल्याकडे विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले. १९२८ मध्ये परदेशी कम्युनिस्टांना हद्दपार करण्याचे अधिकार सरकारला देणाऱ्या सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर मते समसमान पडली, तेव्हा त्यांनी निर्णायक मत विधेयकाच्या विरोधात टाकले. सरकारला असे असाधारण अधिकार हवे असतील, तर त्याने सभागृहाचे बहुमत स्वतः मिळवावे, अशी त्यांची भूमिका होती. याच्या नेमके उलट अमेरिकेत दिसते. तिथे उपराष्ट्राध्यक्ष उघडपणे पक्षासाठी मत देतात. कमला हॅरिस यांनी असे ३३ वेळा केले, आणि तो विक्रम आहे.

उत्तर (विधानभवनातील माजी प्रतिवेदक)

वरील चर्चा संसदेपुरतीच राहिली म्हणून थोडी भर. राज्यात उपराज्यपाल हे पदच नसल्याने विधान परिषद आपला सभापती सदस्यांमधूनच निवडते. त्यामुळे सदस्यत्वाची मुदत संपली की सभापतिपदही जाते. महाराष्ट्रात जुलै २०२२ मध्ये ते असे रिकामे झाले आणि डिसेंबर २०२४ पर्यंत भरले गेले नाही. तोवर उपसभापतींनीच परिषद चालवली. विधानसभेचे अध्यक्षपदही फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत रिक्त होते. सतराव्या लोकसभेला तर पाच वर्षांत उपाध्यक्षच मिळाला नाही. घटनेतील शब्द ‘शक्य तितक्या लवकर’ असे आहेत, आणि त्यात दिवस मोजलेले नाहीत.

मी लिहून घ्यायला बसे ती जागा आसनापासून जवळ होती. आमदार हरकतीचा मुद्दा घेऊन उभे राहत, शेजारी बसलेले सचिव नियमावलीचे पान उघडून पुढे सरकवत, आणि पीठासीन अधिकारी ते पान वाचतात की आधी सत्ताधारी बाकांकडे पाहतात, हे आम्हाला तिथून दिसे. पक्षांतरबंदीच्या अर्जांवरही दहाव्या अनुसूचीनुसार हीच व्यक्ती निर्णय देते. १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डी यांनी पक्षाचा राजीनामा दिला होता. दहावी अनुसूची अशा राजीनाम्याला अपात्रतेतून स्पष्ट सूटही देते, पण ती सूट वापरण्याची प्रथा आपल्याकडे रुजली नाही.