सलाईनच्या बाटलीत असतं तरी काय
डॉक्टर उगाच सलाईन न् अँटीबायोटिक देतात अशी तक्रार लोक करतात, ती बरोबरच आहे पण अर्धीच, कारण आमच्या कोल्हापुरात पेशंटच आत आल्या आल्या "डॉक्टर, लई अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" म्हणतोय आणि नाही लावली तर पुढच्या वेळी शेजारच्या गल्लीत जातोय. आता त्या बाटलीत काय असतं बघा. ग्लुकोजची बाटली असेल तर अर्धा लिटर ५ टक्के डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच), त्यात २५ ग्रॅम साखर, बाकी पाणी. रंकाळा तलावावर बिनबर्फाचा मोठा ग्लास उसाचा रस पिला तर यापेक्षा जास्त साखर पोटात जाते, तीही सुई न टोचता! (जुलाब-उलट्यांनी पार गळालेल्या माणसाची गोष्ट वेगळी, तिथं लागतंच.)

अँटीबायोटिकचं म्हणाल तर कायदा आहे की, २०१४ पासून शेड्यूल एच१ ही औषधांची सरकारी यादी लागू आहे, त्यातली सेफिक्झिमसारखी अँटीबायोटिक गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, पेशंटचं न् डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहून ते ३ वर्षं ठेवायचं. कोपऱ्यावरच्या मेडिकलात मात्र तीन गोळ्या कात्रीनं कापून पुडीत, नाव नाही गाव नाही, आणि कापताना एक्सपायरीची तारीखच उडते.

पण सगळं पेशंट-डॉक्टरवर ढकलू नका राव. तमिळनाडूनं १९९४ ला औषधखरेदीचं वेगळं महामंडळ काढलं, ठरलेली यादी, जेनेरिक (कंपनीचं नाही, औषधाचं मूळ) नावं, एकगठ्ठा खरेदी, त्यामुळं सरकारी दवाखान्यातच गोळ्या मिळायला लागल्या. नाहीतर बाहेरची चिठ्ठी हातात पडली की माणूस आधी भाव विचारतो आणि पाच दिवसांचा कोर्स दोनच दिवसांचा घेतो.