शब्दचर्चा : लाकाँची 'इच्छा' मराठीत कोणती?

प्रश्न :
आमच्या गावच्या (जि. यवतमाळ) वाचनालयात रविवारी आठ-दहा जण जमतो. या महिन्यात झाक लाकाँ घेतला, माझ्याच हट्टानं. हा फ्रेंच मनोविश्लेषक (१९०१–१९८१) 'फ्रॉइडकडे परत चला' म्हणत भलत्याच वाटेला नेतो. आरशाचा टप्पा निभावला. सहा ते अठरा महिन्यांचं लेकरू, अंगात धड तोल नसताना, आरशात स्वतःला अख्खं पाहून हरखतं, हे सगळ्यांनी घरी पाहिलेलं. पुढं अडलं. त्याचे तीन शब्द : बझ्वँ, दमाँद, देझिर. मी फळ्यावर 'गरज, मागणी, इच्छा' लिहिलं. एक काका म्हणाले, "मास्तर, मागणी म्हंजे कापसाच्या भावाची काय? अन् गरज न् इच्छा यात फरक कायचा? भूक लागली का जेवाची इच्छा होतेच." मी गप्प. शब्दच चुकले का?

पहिलं उत्तर :
'मागणी' चुकली, सर. फ्रेंच क्रियापदात मोर्चा नाही, साधं मागणं-विचारणं आहे. आपलं 'देवापाशी मागणं' घ्या. लेकरू दूध मागतं तेव्हा दुधासोबत मायही मागत असतं. दूध मिळतं, माय कधी पुरत नाही. १९५८ साली म्युनिकच्या व्याख्यानात लाकाँनं ही चक्क वजाबाकी मांडली : प्रेमाच्या मागण्यातून गरजेची भूक वजा करा, उरेल ते देझिर. काकांना बाजारातलं पोट्टं दाखवा. फुग्यासाठी लोळण घेते, फुगा हाती आला का सोडून भिंगरीकडे बोट. माय वैतागते, "तुले पायजे तरी काय?" लाकाँनंही हाच प्रश्न इटालियनमध्ये उचललाय : 'के व्वोई?'
'इच्छा' मात्र मला पटत नाही. इच्छा आपल्याला ठाऊक असते. शेवटची इच्छा तर लोक लिहून ठेवतात. देझिर नेणिवेतलं, ते असं सांगता कुठं येतं?

त्यावर :
मग 'वासना' काय वाईट? आजी आजारपणात म्हणायची, "जेवनावर वासनाच नाई." पोट रिकामं, पण मन घेत नाही. काकांना फरक एवढ्यात कळेल. शब्द सिनेमाच्या पोस्टरांनी नासवला, आजीनं नाही.

आणखी एक :
ताई, फळ्यावर 'वासना' लिहिलं तर खसखस पिकेल. मी 'डोहाळे' सुचवते. मूळ 'दोहद'. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून ती बाई दोन हृदयांची, 'दौहृदिनी'. चिंच हिच्या जिभेला हवी, मागणारं दुसरंच कोणी. लाकाँचं ते गाजलेलं वाक्य : माणसाची इच्छा ही दुसऱ्याची इच्छा. बसतं की नाही?

पुन्हा पहिले :
जवळपास बसतं, म्हणूनच धोका. लाकाँचा 'दुसरा' पोटातला नाही. तो आधीपासून बाहेर बसलेला : भाषा, रीतभात, चारचौघांचे डोळे. लेकराच्या जन्माआधीच त्याचं नाव ठरलेलं, 'पोरगाच पायजे' हेही ठरलेलं. त्या हव्या-नकोतच ते जन्मतं. अन् डोहाळे पुरवता येतात, ताई! आपण तर त्याचं जेवण घालतो. देझिर पुरवलं असं होत नाही.

प्रश्नकर्ता :
काल 'गरज, मागणं' लिहून तिसरी जागा रिकामी ठेवली. भिंगरीची गोष्ट ऐकून काका म्हणाले, "आमचं पोट्टं चाळीस वर्साचं हाय, अजूनबी भिंगरीकडंच बोट." मग 'वासना' लिहिली. खसखस पिकलीच; आजीचं जेवण सांगितल्यावर थांबली. डोहाळे वहीत ठेवलेत, 'दुसरा' शिकवताना काढीन आणि कुठं बसत नाहीत तेही दाखवीन. पुढच्या रविवारी 'झुइसाँस' आहे, सुखाच्या पलीकडचं, दुखेस्तोवरचं सुख. खरूज खाजवण्यापलीकडे मला काही सुचलेलं नाही. कोणाकडे बरा शब्द असेल तर शनिवारपर्यंत सांगा.